महिला फुटबॉल विश्वचषकात कोण चमकणार? अंदाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2027 चा महिला फुटबॉल विश्वचषक ब्राझीलमध्ये 24 जून ते 25 जुलै या काळात होणार आहे. अशी स्पर्धा जवळ आली की ऑफिसच्या आणि कॉलेजच्या ग्रुपांवर अंदाजाचे खेळ सुरू होतात. विजेता कोण, गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) कुणाला, हे रकाने भरायला सोपे असतात. गाडी अडते ती ‘ब्रेकआऊट खेळाडू’ या रकान्यावर. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः 2019 व 2023 चे विश्वचषक आणि 2022 व 2025 च्या युरो (युरोपीय देशांच्या) स्पर्धांतली आहेत.

1. ब्रेकआऊट खेळाडू म्हणजे नक्की कोण? सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळतो तीच ना?

तीच असेल असं नाही. तो पुरस्कार वयावर ठरतो. 2023 मध्ये 2002 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींनाच तो मिळू शकत होता आणि मिळाला स्पेनच्या 19 वर्षांच्या साल्मा पारायुएलोला. ब्रेकआऊटला वयाची अट नाही. स्पर्धेआधी जिचं नाव तिच्या देशातल्या आणि क्लबच्या चाहत्यांपुरतं होतं आणि स्पर्धेनंतर जे सगळ्यांच्या तोंडी झालं, ती ब्रेकआऊट खेळाडू.

या व्याख्येने 2023 मधलं माझं मत साल्माला नाही, जपानच्या हिनाता मियाझावाला जातं. ती तेव्हा 23 वर्षांची होती, जपानमध्येच मायनावी सेंदाईकडून खेळत होती आणि गोल्डन बूटच्या चर्चेत तिचं नाव कुणी घेत नव्हतं. जपान उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून हरला, तरी 5 गोलांसह बूट तिनेच नेला आणि सप्टेंबरमध्ये ती मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाली.

2. मोठ्या क्लबमध्ये आधीच असलेली मुलगी ‘ब्रेकआऊट’ धरायची का?

हे तुमच्या ग्रुपने आधी ठरवून घ्या, नाहीतर शेवटी भांडणं ठरलेली. कोलंबियाची लिंडा कैसेदो 2023 च्या फेब्रुवारीत रेआल माद्रिदमध्ये गेली होती आणि त्याआधी 2022 च्या कोपा अमेरिकात (दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत) सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. तरीही जर्मनीविरुद्धचा तिचा गोल पाहून जगातल्या अर्ध्या प्रेक्षकांनी ‘ही कोण?’ असं विचारलं. मी तिला धरेन. आयताना बोनमातीला धरणार नाही; त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ती ठरली खरी, पण तिचा क्लब बार्सिलोना बघणाऱ्याला त्यात नवल काहीच नव्हतं.

3. मला काहीच माहीत नाही. अंदाज बांधायला सुरुवात कुठून करू?

मैदानावरच्या मिनिटांपासून. गुणवत्ता सगळ्यांकडे असते, म्हणून तर त्या तिथे पोहोचतात. प्रश्न असतो तो खेळायला किती वेळ मिळणार आणि कोणत्या जागेवर मिळणार, याचा. 32 संघांच्या विश्वचषकात गटात तीन सामने, पुढे अंतिम फेरी गाठली तर एकूण सात. गटातच बाद झालेल्या संघातल्या खेळाडूला जास्तीत जास्त तीन संधी.

त्यामुळे मी आधी संघ निवडतो आणि मग खेळाडू. असा संघ, जो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाईल, पण ज्याचा अकरा जणींचा संघ अजून पक्का झालेला नाही. अमुक जागेवर गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या मुली खेळल्या असतील, तर दार उघडं आहे. तीच जागा पाच वर्षं एकीच्याच नावावर असेल, तर मागे उभी असलेली कितीही चांगली असो, तिला वाट बघावी लागणार. (दार अचानक कसं उघडतं, ते प्रश्न 7 मध्ये.)

नंतर जागा पाहा. विंगर (कडेने हल्ला करणारी खेळाडू) आणि पुढे मोकळी फिरणारी मिडफिल्डर लवकर नजरेत भरतात. बचावासमोर उभी राहून चेंडू हिसकावणारी मिडफिल्डर संघाला जिंकून देते आणि प्रेक्षकांच्या लक्षातही राहत नाही. अन्याय आहे, पण तुमच्या रकान्यात गुण मिळवायचे असतील तर हे धरून चालावं लागतं.

तिसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्यांची. मियाझावाच्या पाचपैकी दोन गोल झांबियाविरुद्ध आणि दोन स्पेनविरुद्ध झाले. स्पेनचा बचाव चेंडू ताब्यात ठेवायला खूप वर चढतो. जपानने त्या सामन्यात चेंडू त्यांच्याकडेच राहू दिला आणि मिळेल त्या संधीला मागच्या मोकळ्या जागेत धावत जाऊन 4-0 ने हरवलं. गटात असा वर चढणारा संघ असेल, तर समोरच्या संघातली वेगवान, पण फारशी चर्चेत नसलेली आघाडीपटू शोधा.

4. 17 आणि 20 वर्षांखालच्या विश्वचषकावरून पुढचं कळतं का?

बरंच कळतं, पण लोक वाचतात त्या पद्धतीने नाही.

आपल्याकडच्यांना याचा अनुभव घरबसल्या घेता आला असता. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. दोन्ही उपांत्य सामने फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर आणि अंतिम सामना डी. वाय. पाटीलवर झाला. तिथे स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. हरलेल्या संघात कैसेदो होती. दहा महिन्यांत ती सिडनीत जर्मनीला हरवणाऱ्या वरिष्ठ संघात दिसली. स्पेनकडून खेळलेल्या विकी लोपेझला गोल्डन बॉल (स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाला आणि 2025 मध्ये बॅलन डी’ऑरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या) सोहळ्यात महिलांसाठी पहिल्यांदाच दिली गेलेली, सर्वोत्तम तरुण खेळाडूची कोपा ट्रॉफीही तिनेच घेतली. नेरूळला जाऊन तो सामना पाहिलेल्यांना आज भाव खायचा पूर्ण हक्क आहे.

आता दुसरी बाजू. 2018 मध्ये उरुग्वेत स्पेनने हाच 17 वर्षांखालचा विश्वचषक जिंकला तेव्हा गोल्डन बॉल क्लाउदिया पिनाला मिळाला होता. त्याच वर्षी 20 वर्षांखालच्या स्पर्धेत गोल्डन बॉल आणि गोल्डन बूट दोन्ही पात्री गिहारोने नेले. 2023 च्या विश्वविजेत्या संघात या दोघीही नव्हत्या. कारण प्रश्न 7 मध्ये आहे. होत्या त्या 2018 च्या पिनाच्याच 17 वर्षांखालच्या संघातल्या साल्मा पारायुएलो आणि गोलरक्षक काता कोल. आणि 20 वर्षांखालच्या त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध जपानसाठी पहिला गोल करणारी मुलगी होती मियाझावा.

म्हणून पुरस्कारांची यादी घेऊन बसू नका, अंतिम आणि उपांत्य सामन्यांत उतरलेल्या सगळ्या मुलींची घ्या. त्यातल्या कोण पुढच्या दोन वर्षांत वरिष्ठ क्लब संघात नियमित खेळू लागल्या, ते तपासा. यादी आपोआप पाच-सहा नावांवर येते.

एक अपवाद: उत्तर कोरिया. 2024 मध्ये त्यांच्या मुलींनी 17 आणि 20 वर्षांखालचे दोन्ही विश्वचषक जिंकले. पण या मुली परदेशी क्लबमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे मधल्या काळातली त्यांची प्रगती मोजायला हाताशी काहीच नसतं. असा संघ वरिष्ठ स्पर्धेत आला की अंदाज बांधणाऱ्या सगळ्यांची पाटी सारखीच कोरी असते.

5. पहिल्याच सामन्यात तीन गोल करणारी मुलगी लगेच निवडावी का?

थांबा. 2023 मध्ये ब्राझीलच्या आरी बोर्जेसने आपल्या पहिल्याच विश्वचषक सामन्यात पनामाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. संध्याकाळपर्यंत ती ‘स्पर्धेचा शोध’ झाली होती. मग ब्राझील फ्रान्सकडून 2-1 ने हरला, जमैकाशी 0-0 बरोबरीत सुटला आणि गटातच बाद झाला. अमेरिकेच्या सोफिया स्मिथचंही थोडं तसंच झालं: व्हिएतनामविरुद्ध दोन गोल, नंतर एकही नाही, आणि स्वीडनविरुद्ध शूटआऊटमध्ये पेनल्टी हुकली. नावाजलेल्या खेळाडूंचे आकडेही असे फुगतात. 2019 मध्ये ॲलेक्स मॉर्गनने सहा गोल केले, त्यातले पाच थायलंडविरुद्धच्या एकट्या 13-0 च्या सामन्यात.

दुबळ्या संघाविरुद्धचे गोल मी अर्धे मोजतो. पात्रता फेरीतल्या गोलांना तर त्याहून कमी वजन.

6. बेंचवर बसणारी खेळाडू निवडणं वेडेपणा आहे का?

उलट माझ्या मते हुशारी तिथेच आहे, फक्त प्रशिक्षकाच्या सवयी माहीत हव्यात.

2022 च्या युरोत इंग्लंडच्या प्रशिक्षक सरिना विगमन यांनी सहाही सामन्यांत सुरुवातीला त्याच अकरा जणी उतरवल्या. म्हणजे बेंचवरच्यांना सुरुवातीपासून खेळायला मिळणार नाही हे पक्कं, पण दुसऱ्या हाफमध्ये कोण येणार हेही जवळजवळ पक्कं. अलेसिया रुसोने त्या स्पर्धेत चार गोल केले आणि चारही बदली खेळाडू म्हणून. स्वीडनविरुद्ध टाचेने मारलेला गोल अजून फिरत असतो. अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध इंग्लंडचे दोन्ही गोल बेंचवरून आलेल्या एला टून आणि क्लोई केली यांचे.

2025 मध्ये स्वित्झर्लंडला तेच पुन्हा, फक्त नाव नवं: मिशेल अजेमांग, वय 19. संघात निवड झाली तेव्हा तिच्या खात्यात एकच आंतरराष्ट्रीय सामना होता. पण त्या सामन्यात, बेल्जियमविरुद्ध, मैदानात उतरल्यावर 41 सेकंदांत तिने गोल केला होता. खूण तीच होती. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना बरोबरी तिने साधली, उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध भरपाई वेळेत पुन्हा तिनेच. सर्वोत्तम तरुण खेळाडूही तीच ठरली.

साल्माचा रस्ताही हाच. नेदरलँड्सविरुद्ध बदली म्हणून येऊन जादा वेळेत विजयी गोल, स्वीडनविरुद्ध बदली म्हणून येऊन आणखी एक, आणि मग अंतिम सामन्यात थेट सुरुवातीच्या अकरात. ती आधी 400 मीटर आणि 400 मीटर अडथळ्यांची धावपटू होती. सत्तराव्या मिनिटाला दमलेल्या बचावपटूसमोर असे ताजे पाय आले की काय होतं, ते डच संघाला विचारा.

बेंचवरची निवडताना तीन गोष्टी जुळाव्यात: संघ बाद फेरीत दूर जाणारा, मुलगी सुरुवातीच्या आघाडीपटूपेक्षा वेगळ्या धाटणीची (जास्त वेग किंवा जास्त उंची), आणि प्रशिक्षक साठाव्या मिनिटानंतर धाडस करणारा.

7. दुखापती आणि वाद यांचा हिशेब कसा धरायचा?

अंदाज बांधणाऱ्यासाठी हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. महिला फुटबॉलमध्ये गुडघ्याच्या एसीएल (सांध्याला आधार देणारा अस्थिबंध) दुखापतीने वर्ष-वर्ष बाहेर बसावं लागतं. 2023 च्या विश्वचषकाला बेथ मीड, लिया विल्यमसन, विवियाने मीडेमा आणि कातारिना मकारियो, सगळ्या याच दुखापतीमुळे मुकल्या. प्रत्येक नाव गळलं की मागे एक जागा मोकळी होते. ऑस्ट्रेलियाची सॅम कर पहिल्या सामन्याच्या तोंडावर पोटरीच्या दुखापतीने बसली, तेव्हा 20 वर्षांच्या मेरी फाउलरवर आघाडीची जबाबदारी आली आणि यजमान उपांत्य फेरीपर्यंत गेले.

वादाचं उदाहरण स्पेन. 2022 च्या सप्टेंबरमध्ये 15 खेळाडूंनी महासंघाला ईमेल लिहून आपल्याला संघात निवडू नका असं कळवलं. पिना आणि गिहारो त्यांत होत्या. त्या पंधरापैकी विश्वचषकाच्या संघात तिघीच परतल्या: बोनमाती, मारिओना काल्देन्ते आणि ओना बाते. बाकीच्या जागा नव्या मुलींना मिळाल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये साल्माने अर्जेंटिनाविरुद्ध पदार्पण केलं आणि हॅट्ट्रिक केली. काता कोलची गोष्ट तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. जपानकडून 4-0 ने हरल्यावर प्रशिक्षकाने गोलरक्षक बदलली आणि काताने वरिष्ठ संघातलं पदार्पणच विश्वचषकाच्या बाद फेरीत, स्वित्झर्लंडविरुद्ध केलं. दोन आठवड्यांनी ती विश्वविजेती होती.

म्हणून संघ जाहीर होईपर्यंत नाव लिहू नका, आणि नियम परवानगी देत असतील तर पहिल्या सामन्याचे अकरा कळेपर्यंतही थांबा.

8. गोलरक्षक किंवा बचावपटू निवडली तर चालेल का?

गोलरक्षक चालेल, बचावपटूवर मी पैज लावणार नाही. गोलरक्षकाला एक सामना पुरतो. स्वीडनची झेचिरा मुशोविच क्लबमध्ये, चेल्सीत, दुसऱ्या क्रमांकाची गोलरक्षक होती. 2023 मध्ये अमेरिकेविरुद्ध तिने 11 गोल वाचवले आणि चार वेळची विजेती अमेरिका शूटआऊटमध्ये घरी गेली. अशी गोलरक्षक हवी असेल तर मजबूत संघात शोधू नका, तिथे तिच्याकडे चेंडूच येत नाही. चिवट बचाव करणारा, बाद फेरी गाठेल असा मध्यम ताकदीचा संघ बघा.

9. संघ गटातच बाद होणार असं दिसतंय, पण मुलगी जबरदस्त आहे. काय करू?

प्रश्न 3 मधल्या नियमाला हे अपवाद. हैतीला 2023 च्या विश्वचषकात पोहोचवलं ते मेल्शी ड्युमोर्नेने. चिलीविरुद्धच्या निर्णायक प्लेऑफमध्ये 2-1 तले दोन्ही गोल तिचे. मुख्य स्पर्धेत हैती तिन्ही सामने हरला, एकही गोल झाला नाही, आणि तरीही इंग्लंडविरुद्धचा तिचा खेळ लोक विसरले नाहीत.

दुसरं उदाहरण टोकियो ऑलिंपिकचं. झांबियाची बार्बरा बांडा तेव्हा चीनमधल्या क्लबकडून खेळत होती. नेदरलँड्सने झांबियाला 10-3 ने धुतलं, पण ते तिन्ही गोल बांडाचे. पुढचा सामना चीनशी 4-4, त्यातही बांडाची हॅट्ट्रिक. संघ गटातच बाद झाला आणि नाव जगभर झालं.

दोघींमध्ये सारखं काय? संघाचा सगळा हल्ला त्यांच्यावरच अवलंबून. छोट्या संघातून निवडायची तर अशी एकटीच निवडा. दुय्यम भूमिकेतली मुलगी तिथे दिसणारही नाही.

10. आकडेवारी कोणती पाहावी?

एकूण गोल नकोत. दर 90 मिनिटांमागे पेनल्टी वगळून केलेले गोल, पेनल्टी बॉक्समधून मारलेले फटके आणि बॉक्समध्ये चेंडूला झालेले स्पर्श, एवढं पुरे. फटके सातत्याने होत असतील तर गोल आज ना उद्या येतात; फटके कमी आणि गोल जास्त असतील तर ते नशीब ओसरायची शक्यता धरा. लीगचा दर्जाही लक्षात घ्या: दोन-तीन क्लबांचंच राज्य असलेल्या लीगमध्ये आघाडीपटूचे आकडे नेहमी फुगलेले असतात. हात चालवून बघायचा असेल तर फुटबॉलची आकडेवारी गोळा करणाऱ्या स्टॅट्सबॉम्ब कंपनीने 2019 आणि 2023 च्या महिला विश्वचषकांचा तपशीलवार डेटा मोफत खुला ठेवला आहे.

11. ब्राझीलमधले सामने आपल्याकडे रात्री. फक्त हायलाइट्स बघून अंदाज बांधता येईल?

यजमान शहरांची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिथे दुपारी चारला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला. हायलाइट्समध्ये गोल दिसतात, गोल न झालेल्या धावा दिसत नाहीत, आणि तुम्हाला शोधायच्या असतात त्या नेमक्या या धावा. पूर्ण सामना शक्य नसेल तर सकाळी रेकॉर्डिंगमध्ये साठ ते पंचाहत्तर ही पंधरा मिनिटं बघा. बदल तेव्हाच होतात.

12. ऑलिंपिकला हेच नियम लागू होतात का?

जवळपास. पण तिथे संघ 18 जणींचा आणि सामने दर तीन दिवसांनी, त्यामुळे बेंचला जास्त महत्त्व. पॅरिसला 2024 मध्ये जपानच्या 19 वर्षांच्या मोमोको तानिकावाने बदली म्हणून येऊन ब्राझीलविरुद्ध भरपाई वेळेत लांबून मारलेला विजयी गोल बघा. ती 2022 मध्ये 17 वर्षांखालच्या स्पर्धेसाठी भारतात येऊन गेली होती (प्रश्न 4).

13. भारताची कुणी या यादीत येईल का?

भारताचा वरिष्ठ महिला संघ आजवर विश्वचषक खेळलेला नाही, त्यामुळे आपल्या मुलींचा शोध आशियाई चषकात घ्यावा लागतो. 2022 चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता. इराणशी 0-0 बरोबरीनंतर संघात कोविडचे रुग्ण सापडले आणि यजमानांनाच माघार घ्यावी लागली. एका पिढीची घरच्या मैदानावर दिसण्याची संधी अशी गेली. त्याच वर्षी मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. 2025 च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून भारत पुढच्या आशियाई चषकाला पात्र ठरला, तेव्हा दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, आणि ती मिडफिल्डर आहे.

जाता जाता: पुण्यात बालेवाडीला त्या 2022 च्या स्पर्धेत फिलिपिन्सने चायनीज तैपेईला शूटआऊटमध्ये हरवून पहिल्यांदा विश्वचषक गाठला. पुढच्या वर्षी फिलिपिन्सचा विश्वचषकातला पहिला गोल करणारी सरिना बोल्डेन त्याच संघातली.

14. आमच्या ग्रुपमध्ये गुण कसे द्यायचे? दरवेळी वाद होतो.

स्पर्धेआधीच एक मर्यादा लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ‘पहिल्या सामन्याआधी वरिष्ठ संघाकडून 15 पेक्षा कमी सामने खेळलेली’. आधीच प्रसिद्ध असलेल्या खेळाडू यातून गळतात आणि प्रश्न 2 मधला वाद संपतो. मात्र मियाझावासारखी उशिरा फुललेलीही गळते, हे मान्य करून चला. गोलांवर बरोबरी झाली तर फिफाचीच पद्धत वापरा: आधी असिस्ट (गोलसाठी दिलेला पास), मग कमी मिनिटं. 2019 मध्ये मेगन रॅपिनो आणि मॉर्गन दोघींचे 6 गोल आणि 3 असिस्ट होते. कमी मिनिटं खेळल्यामुळे बूट रॅपिनोला गेला.

15. ते सगळं ठीक. 2027 साठी एक नाव सांगा ना.

सगळ्यात जास्त येणारं नाव विकी लोपेझ. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, 26 जुलैला, ती 21 वर्षांची होईल. पण कोपा ट्रॉफी घेतलेली बार्सिलोनाची खेळाडू मी ब्रेकआऊटमध्ये धरत नाही. माझा रकाना संघ जाहीर होईपर्यंत रिकामा आहे. तोवर 2022 आणि 2024 च्या 20 वर्षांखालच्या विश्वचषकांतले उपांत्य सामने पुन्हा लावतो आहे, आणि त्यातल्या ज्या मुली आता क्लबमध्ये साठाव्या मिनिटाला मैदानात येतात त्यांच्या नावांसमोर खूण करतो आहे.